आप्पांना कोणी रागावेना

“इस्केमिक स्ट्रोक,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी सीटी स्कॅनची फिल्म उजेडाकडे धरली. मेंदूला रक्त नेणारी एक नळी गुठळीने बंद पडली होती. त्या सकाळी भेस्तानच्या आमच्या घरी आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, हातून चहाचा कप सुटला होता. “साधा कप धरता येत नाही तुम्हाला?” आईने ऐकवलं. मग तिला त्यांचं वाकडं झालेलं तोंड दिसलं.

नऊ दिवस दवाखान्यात गेले. जीव वाचला, उजवा हात मात्र लुळा पडला. पॉवरलूमवर तुटलेल्या धाग्याला क्षणात गाठ मारणारी बोटं आता रुमालही उचलेनात. घर माझ्या शाळेच्या पगारावर चालणार होतं.

“पहिले तीन महिने महत्त्वाचे,” डॉक्टरांनी बजावलं. “हात जितका वापराल, तितका परत येईल.”

आम्ही नेमकं उलटं केलं. पहिलं ताट त्यांना, पंखा त्यांच्याकडे, पाण्याचा पेला थेट ओठांशी. “आप्पा, राहू द्या.” आईने तर कपावरून बोललेले स्वतःचेच शब्द मनाला लावून घेतले होते. लग्नापासून रोज काही ना काही ऐकवणारी माझी आई दवाखान्यातल्या नर्ससारखी हळू बोलू लागली. आप्पा भिंतीकडे तोंड करून पडून राहत. व्यायामाचा चेंडू खाटेखाली धूळ खात होता.

सहाव्या आठवड्यात फिजिओथेरपी करून घेणाऱ्या, म्हणजे हातापायांचा व्यायाम शिकवणाऱ्या, गुजराती बेननी विचारलं, “काका, कसरत क्यों नहीं करते? घर में कोई तकलीफ है?”

आप्पा अडखळत म्हणाले, “तकलीफ नहीं, बेन. पर अब कोई डाँटता नहीं. मेहमान हो गया मैं.”

परतताना आईने रिक्षा भाजीबाजाराशी थांबवली आणि किलोभर पापडी घेतली.

दुसऱ्या दिवशी तिने पापडीच्या शेंगांची परात त्यांच्यापुढे आदळली. “सोला. उजव्या हाताने.”

तासाभराने पाहिलं तर अर्धे दाणे फरशीवर आणि किडके तेवढे परातीत.

“तुम्हले दिखस नही का? पोरीला अळ्या खाऊ घालता?” आईचा आवाज जिन्यापर्यंत गेला.

आप्पा वाकडं हसले. आजारपणानंतर पहिल्यांदाच. “मंग तूच निवड ना,” म्हणाले, पण परात काही सोडली नाही.

हात पूर्ण आला नाही. शर्टाची बटणं लागू लागली, कप हातात टिकू लागला. भाजी निवडणं कायमचं त्यांच्याकडे आलं, आणि त्यावरची बोलणीही. अशी चार वर्षं मिळाली. त्या बेनचे आभार मी मनात रोज मानते. गेल्या हिवाळ्यात दुसऱ्या झटक्याने आप्पा गेले.

तुमच्या घरी असं आजारपण आलं असेल, तर गोळ्या वेळेवर द्या, तपासण्या चुकवू नका. आणि त्या माणसाला काम सांगा. चुकलं तर खुशाल रागवा.

परवा पापडी मी सोलली. आईने परात खिडकीजवळ नेऊन दाणे नीट चाळून पाहिले.

“एकही किडका नाही,” ती म्हणाली, जरा नाराजीनेच.