कुळथीचं कढण

कोणीही समोर आलं की ती आधी दोन बोटांत त्याचं नाक धरायची. कपाळाला हात लावून ताप बघणारे पुष्कळ असतात, हिला नाकाचं टोक पुरायचं. ते गार लागलं तर एक औषध, गरम लागलं तर दुसरं, आणि ओलं लागलं तर बोटं पदराला पुसत म्हणायची, "नाक आहे, त वाहीनच. भिऊन कायले राहिली?"

माझं नाक तिने धरलं ते मी कामठ्याला मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून आले त्याच दिवशी. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. मी चोवीस वर्षांची, लग्नानंतर वर्षभरातच विधवा झालेली, शिकून वऱ्हाडातून इतक्या लांब नोकरीला आलेली. छकड्यातून माझी वळकटी उतरत होती आणि कुंपणापलीकडून ही पन्नाशीची, हाताला तांदळाचा कोंडा लागलेली बाई तरातरा आली. नाक धरलं, म्हणाली, "मास्तरीनबाई, तुमचं नाक थंडं आहे. परवापावतर सर्दी होईन." झाली. ती तिच्या बोलण्यानेच झाली असं माझं आजही मत आहे.

तिची घरची धानाची शेती होती. नवरा कमी बोलायचा, कारण त्याच्या वाट्याचं तीच बोलून टाकायची. तुमच्याही शेजारात अशी एखादी असेल, जिला घरच्यांपेक्षा गावाची काळजी जास्त. तिच्या लेखी सर्दी तीन प्रकारची. मळणीच्या भुशाने होते ती धानाची सर्दी. तिला तव्यावर गरम केलेली ओव्याची पुरचुंडी हुंगायची आणि निजताना गरम फुटाणे खाऊन वर पाणी प्यायचं नाही. गार पाण्यात उभं राहून होते ती बोडीची सर्दी. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. या सर्दीला निरगुडीच्या पाल्याची वाफ, तळपायांना लसूण तळलेलं मोहरीचं तेल. तिसरी रडून आलेली. "तिले औषध नाही. तिच्यापासी बसा लागते," असं ती सांगायची आणि खरंच जाऊन बसायची. आल्या वर्षी माझ्याजवळही बसली होती, पुष्कळ वेळ, तांदूळ निवडत.

एकदा शाळा तपासायला साहेब आले. तेव्हा आमचा मुलूख मध्य प्रदेशात, साहेब जबलपूरकडचे. येतानाच शिंकत होते. मी फळ्यासमोर खडू धरून उभी, आणि ही खिडकीतून बघत होती. साहेब तिसऱ्यांदा शिंकले तशी ती सरळ आत आली, पण नाक मात्र धरलं नाही, एवढी तिला अक्कल होती. म्हणाली, "साहेब, पाच मिनट बैठो. पत्ती का भाप देती." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. पाच मिनिटांनी साहेब घोंगडीखाली, पुढ्यात निरगुडीचं उकळतं पातेलं, आणि घोंगडीतूनच विचारतायत, "बहनजी, पट पर लड़कियाँ कितनी हैं?" मुलींना हसू आवरेना. शेरा मात्र चांगला मिळाला.

आता माझ्या घरचं सांगते. आमचं घर महानुभाव पंथाचं, माझा उपदेश, म्हणजे पंथाची दीक्षा, झालेला. मांस-मासळी तर सोडाच, ज्या भांड्यात ते शिजलं त्यातलं पाणीही आई घेत नसे. विधवा मुलीला एकटीला परमुलखात पाठवायला सगळे नातेवाईक नाही म्हणत होते. आई एकटी हो म्हणाली. निघताना तिने एवढंच मागितलं, "पोटात काय जातं तेवढं सांभाळ." मी शब्द दिला आणि पाळला. गावात कोणाकडे जेवले नाही. औषधाला मात्र नाही म्हणायची नाही. औषध ते औषध.

पहिल्याच हिवाळ्यात माझी सर्दी छातीत उतरली. श्वास घेताना घरघर वाजायचं. डॉक्टर गोंदियाला, आणि मला खाटेवरून उठवेना. तेव्हा ती झाकण घातलेला लोटा घेऊन आली. तोवर तुम्हीचं तू झालं होतं.

"कुरथीचं कढन आहे. डोरे मिटून पेऊन टाक."

वास वेगळा होता. मी विचारलं. म्हणाली, "मोहाच्या तेलाची फोडनी आहे. तुमच्या वऱ्हाडात नाही राहत तसं." मी प्याले. चार दिवस प्याले. पाचव्या दिवशी छाती मोकळी झाली. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तेच. आईला पत्रात मी लिहिलं की इथले कुळीथ निराळेच असतात, नुसत्या कढणाने माणूस उठून बसतो.

तिसऱ्या हिवाळ्यात आई माझ्याकडे राहायला आली. स्वतःचं पातेलं, स्वतःचा तांब्या घेऊन. आगगाडीतच तिला थंडी बाधली होती आणि दोन दिवसांत खोकला लागला. मीच कुंपणापाशी जाऊन कढण मागितलं. चार दिवस लोटा येत होता. आईने ते स्वतःच्या तांब्यात ओतून घेतलं, तिथेही नेम सोडला नाही. चौथ्या दिवशी म्हणाली, "या बाईच्या हाताला देवाचा गुण आहे गं."

त्याच आठवड्यात ग्रामसेविकाबाई आल्या. गावोगाव बायकांना जमवून आरोग्याचं सांगायचं, असं तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. शाळेतच सभा भरली. ग्रामसेविकाबाई म्हणाल्या की सर्दीवर तुम्ही घरात काय करता ते सांगा, मास्तरीणबाई फळ्यावर लिहितील. मी लिहीत गेले. सुंठ आणि गूळ. अडुळशाची पानं. हळकुंडाची धुरी. मग मलाही राहवेना. मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, कुळथीचं कढण, आणि वळून सांगितलं की मी स्वतः यानेच दोन हिवाळे उठले, सध्या माझी आईही घेतेय.

मागच्या बाजूला कोणीतरी पदर तोंडात कोंबला. मग शेजारचीने. मग सगळीकडे खुसखुस. मला वाटलं, लिहिताना चुकले. फळ्याकडे पाहिलं, शब्द बरोबर होते.

एक म्हातारी मात्र हसत नव्हती. तिने शेजारणीला विचारलं, हळू बोलल्यासारखं, पण ऐकू गेलं सगळ्यांना. "मास्तरीनबाईले अजून मालूम नाही का वो, खेकड्याचं?"

झाडीत, म्हणजे गोंदियाकडच्या या मुलखात, छातीतल्या सर्दीवर धानाच्या बांधीतल्या, खाचरातल्या, खेकड्यांचा रस्सा देतात. खेकडे पाट्यावर ठेचायचे, फडक्यातून गाळायचे, लसूण-मिरी घालून उकळायचे. हे मला ठाऊक होतं. माझ्या वर्गातल्या मुलीच सांगायच्या. माझ्या लोट्यात ते असेल असं एकदाही मनात आलं नव्हतं, कारण तिने कुळीथ म्हटलं होतं.

मी खडू खाली ठेवला आणि तशीच तिच्या अंगणात गेले. ती धान पाखडत होती.

"तू मला काय पाजलंस?"

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि सूप खाली ठेवलं. नाही म्हणाली नाही, एवढं तिच्या बाजूने सांगायला हवं.

"खेकडे. तुही छाती भरली होती. मरून जाती तू."

"आणि आईला?"

"म्हाताऱ्या मानसाले नुसत्या कुरथीनं काय होते?"

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं त पेली असती?"

"नाही."

"मंग कायले विचारू?"

तिचं गणित तिथे संपत होतं. माझं तिथे सुरू होत होतं. मी नाही म्हणाले असते हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि तेच तिने माझ्यापासून काढून घेतलं होतं. मी म्हटलं, "पण गावाला सांगितलंस."

इथे मात्र ती सुपाच्या कडेशी बोट फिरवत म्हणाली, "मालूम पडलं लोकाईले. उपदेस घेतलेली मास्तरीन बी माझ्या रस्स्यानं उठली, असं म्हटलं असन कोनापासी." म्हटलं असेल. तीन हिवाळे ज्या बायका माझ्याशी आदराने बोलत होत्या, माझ्याकडून पत्रं लिहून घेत होत्या, त्या सगळ्या हे जाणून होत्या. माझा नेम ही त्यांची पाणवठ्यावरची गंमत होती. मी विश्वासाने डोळे मिटून प्याले त्याची तिने बढाई मारली. जीव वाचवल्याचं ऋण मी मानते. त्या बढाईची क्षमा मात्र मी केलेली नाही, आणि आता इतक्या वर्षांनी करीन असं वाटत नाही.

घरी आले तर आई खाटेवर बसून वाट बघत होती. "आज लोटा नाही आला?"

सांगावं की नाही? ज्या बाईने सगळ्यांचा विरोध पत्करून मला पाठवलं, तिला मी माझ्याच हाताने ते मागून दिलं होतं. मी म्हटलं, शेजारीण गावाला गेली. बाजारातून कुळीथ आणून स्वतः कढण केलं. आईने दोन घोट घेतले, तांब्या खाली ठेवला.

"हे तसं नाही. ती आली की तिच्याकडूनच आण."

तेवढ्यात कुंपणापलीकडून तिचा कोंबड्यांना हाकलल्याचा आवाज आला. आई म्हणाली, "आली वाटतं." मी म्हटलं, तिची जाऊ असेल. खोटं कसं बोलायचं ते मीही एका दिवसात शिकले.

आईला मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. पुढे चार वर्षांनी ती गेली, आपलं पोट आयुष्यभर निर्मळ राहिलं याच समाधानात गेली. तिच्या उशाशी बसून मी ते ऐकत होते आणि मान हलवत होते.

शेजारीण तिच्याही आधी गेली. तोवर माझी बदली तिरोड्याला झाली होती. कामठ्याची एक जुनी विद्यार्थिनी भेटली, तिने सांगितलं. दोन दिवस ताप आला म्हणे, आणि स्वतः कसलंही औषध घेतलं नाही. मी हो का, एवढंच म्हणाले. त्या सभेनंतर आम्ही शेजारी म्हणून दोन वर्षं राहिलो आणि एक वेळ सोडली तर एक अक्षर बोललो नाही. त्या एका वेळी ती आपणहून आली होती, ती संधीही मी घालवली. तेवढं सांगते आणि थांबते.

सभेनंतरचा चौथा दिवस असेल. आईचा खोकला पुन्हा वाढला होता. उन्हं अंगणात आली होती, आणि ही दारात उभी राहिली. हातात लोटा नव्हता. फडक्यात धरलेलं एक मातीचं गाडगं होतं, वर पळसाचं पान बांधलेलं.

"कुरथीचं आहे," ती म्हणाली. "गाडगं नवं आहे. कुंभाराकडून सकारीच आनलं. चूल सारवून घेतली. बुडीचा खोकला ऐकू येऊन राहिला."

"आधीही कुळीथच म्हणाली होतीस."

"हो," ती म्हणाली. "म्हटलं होतं."

आणखी काही बोलली असती तर बरं झालं असतं. शपथ घेतली असती, रडली असती, माझ्यावर ओरडली असती, तर मी भांडले तरी असते. ती नुसती गाडगं पुढे करून उभी राहिली. मी ते घेतलं, पान काढलं आणि तिच्या डोळ्यांसमोर दारालगतच्या मोरीत सगळं ओतलं.

ती बघत राहिली. मीही बघत राहिले, कारण मला ते सापडायला हवं होतं. एखादी नांगी, कवचाचा एखादा तुकडा. मोरीच्या दगडावर शिजून फुटलेले कुळीथ पसरले, लसणीच्या पाकळ्या, आल्याचा एक चेचलेला तुकडा. वाफ निघत होती. वास साधा होता, आमच्या घरी वऱ्हाडात यायचा तसाच. हातातलं गाडगं लालभडक होतं, फक्त बुडाला थोडी काजळी धरलेली.

ती वळली आणि कुंपणाकडे चालू लागली. गाडगं तिने मागितलं नाही.

"कोण आलं होतं गं?" आतून आईने विचारलं.

"कोणी नाही."

आई खोकली. थोड्या वेळाने म्हणाली, "नाक मोकळं झालं वाटतं माझं. कुळथीचा वास येतोय."