बॅगांपाशी बसायचं कोणी

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुमच्यातल्या धाकटीने विचारलं, "आजी, वेअर आर यू इन द पिक्चर्स?" तुमच्या मामाने अंतालियाचे शेकड्याने फोटो पाठवले आणि त्यातल्या एकातही मी नाही. मामा मागून म्हणाला, "आजी दमली होती." मी दमले नव्हते. तुम्ही कॅनडात बसून तेच खरं धरून चालाल, म्हणून हे आजच लिहिते आहे.

अंतालिया हे तुर्कस्तानातलं भूमध्य समुद्राकाठचं शहर. ईदच्या सुट्टीत शारजात अल नहदातल्या आमच्या बिल्डिंगमधली चार मराठी कुटुंबं मिळून तिथे गेलो. सहलीचा पुढारी मामाचा मित्र. त्याचा कॉन्ट्रॅक्टिंगचा धंदा आहे. साइटवर माणसं हाकतो तसंच तो आम्हाला हाकत होता. मी कॉलेजात इंग्रजीतून इतिहास शिकले, रोमन साम्राज्यावर पानंच्या पानं लिहिली, पण रोमनांचा एक दगडही कधी पाहिला नव्हता. या शहरात त्यांनी बांधलेला दरवाजा आहे. मला तो पाहायचा होता. बाकी काही नाही दाखवलंत तरी चालेल, असं निघण्याआधी सगळ्यांना स्पष्ट सांगितलं होतं.

आपल्या लोकांची एक रीत आहे. कुठेही गेलं की सगळ्यात वयस्क बाईला बाकावर बसवायचं, तिच्याभोवती पिशव्या रचायच्या आणि पुढे चालू लागायचं. तिला कोणी विचारत नाही. "तुम्ही निवांत बसा" म्हणतात. पहिल्या दिवशी धबधबा होता. तो कड्यावरून थेट समुद्रात पडतो. मी फक्त त्याचा आवाज ऐकला. माझ्यासमोर नऊ बॅगा, दशम्यांचा डबा आणि त्या डब्यावर डोळा ठेवून बसलेली दोन मांजरं. दुसऱ्या दिवशी जुनं बंदर. "आई, खूप पायऱ्या आहेत," सूनबाई म्हणाली. पायऱ्या मी मोजणार होते, तिने आधीच मोजून टाकल्या. सगळे बोटीत बसून आले, मी वर चहाच्या टपरीवर.

राग आला. पण मीही सासूबाईंना दुबईत क्रीकच्या काठावर असंच बसवलं होतं, आम्ही अब्रातून, म्हणजे तिथल्या छोट्या होडीतून, पलीकडे जाऊन येईपर्यंत. त्या काही बोलल्या नाहीत, म्हणजे त्यांना चाललं, असं मी इतकी वर्षं समजत होते.

तिसऱ्या दिवशी विमानतळावर जाता जाता बस दरवाजापाशी थांबली.

"वीस मिनिटं! यल्ला, यल्ला!" पुढारी ओरडला. "काकू, तुम्ही बसा. एसी चालू आहे."

"मला हाच दरवाजा पाहायचा होता," मी म्हणाले.

"अहो काकू, दगडच आहेत. मी झकास व्हिडिओ काढून आणतो."

सूनबाईने सगळ्यांच्या पासपोर्टचा पाउच माझ्या मांडीवर ठेवला. "आई, हा तुमच्याकडेच राहू दे. तुमच्यासारखं नीट कोणी सांभाळत नाही."

ते गेले. मी दोन मिनिटं बसले. मग पाउच गळ्यात अडकवला, ड्रायव्हरला खुणेने बॅगांकडे बघायला सांगितलं आणि उतरले.

संगमरवरी खांब, तीन कमानी. आमची मंडळी समोर फोटो काढून आइस्क्रीम घ्यायला पळाली होती. मी मधल्या कमानीखाली उभी राहिले. तिथे चालायला काचेची वाट केली आहे आणि तिच्याखाली मूळची फरसबंदी दिसते. दगडात गाड्यांच्या चाकांनी खोल चाकोऱ्या पाडल्या आहेत. मी त्या सावकाश पाहिल्या. घड्याळ पाहिलं नाही.

परत आले तेव्हा बसपाशी बोंबाबोंब चालली होती. पुढारी ड्रायव्हरशी हिंदीत भांडत होता, आणि ड्रायव्हरला हिंदीचं अक्षर कळत नव्हतं.

मामा धावत आला. "आई! पासपोर्ट कुठेत?"

ऐकलंत? पहिला प्रश्न हा. मी पाउच काढून त्याच्या हातात दिला.

"काकू, फ्लाइट गेली असती तर खलास होतो आपण सगळे!"

"मग इथेच राहिलो असतो," मी म्हणाले, "आणि बॅगांपाशी पाळीपाळीने बसलो असतो. पहिली पाळी तुझी."

कोणीतरी मागच्या सीटवर हसलं. सूनबाई विमानात बसेपर्यंत माझ्याशी बोलली नाही. मामा शारजा येईपर्यंत म्हणत राहिला, "अगं, तुझ्या गुडघ्यासाठीच म्हणत होतो." गुडघा माझा आहे. तो काय म्हणतो ते मला विचारायला हवं होतं. हे मी त्याला सांगितलं, आणि तुम्हालाही सांगते आहे.

तिथे माझा फोटो कोणी काढला नाही, त्यामुळे लिहून ठेवते. दरवाजाच्या तिन्ही कमानी उभ्या आहेत. खांब बरेचसे धड आहेत. खालच्या चाकोऱ्या अजून स्पष्ट दिसतात.