हात माझाच होता

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. दोंडाईचा स्टेशनावर आण्णा मला सोडायला आले होते. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला माझा बाप. सुरतेला पांडेसऱ्यातल्या एका कापड रंगवणाऱ्या मिलमध्ये मला वॉचमनची नोकरी लागली होती, म्हणून ते खूश होते. गाडी हलली तसे खिडकीबरोबर चालत म्हणाले, "वर्दी चढवली की डोकं चालवायचं नाही. हुकूम म्हणजे हुकूम."

गावाकडच्यांनो, त्या खाकी वर्दीतला फोटो मी तुम्हाला पाठवला होता. ती घालून काय केलं, ते मात्र लिहिलं नाही. आज लिहितो.

सुरतेत गोडादऱ्याच्या वस्तीत मला खोली मिळवून दिली भिलादादानं. आमच्याच तालुक्यातला, त्याच मिलमध्ये रंगखात्यात कारीगर. पहिले पंधरा दिवस मी त्याच्याच घरी जेवलो. पुढे एकदा त्याच्या खात्यात केमिकलच्या वाफेनं दोघे जण बेशुद्ध पडले. हवा खेचणारे पंखे बसवल्याशिवाय आत जाणार नाही, म्हणत कामगार गेटसमोर बसले. मॅनेजर बाहेर आला आणि आम्हा वॉचमनांना म्हणाला, "हटाओ सबको." आम्ही काठ्या चालवल्या. मीही चालवली. समोर भिलादादा आहे, हे मला दिसत होतं. डोकं वाचवायला त्यानं हात वर केला आणि माझी काठी मनगटावर बसली.

दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेलो. "दादा, मना इलाज नव्हता. सायेबना हुकूम व्हता."

हाताला प्लास्टर होतं. आवाज न चढवता तो म्हणाला, "हुकूम सायेबना व्हता. हात तं तुना व्हता ना?"

मी मनाला समजावत राहिलो. मी नाही तर दुसऱ्यानं मारलं असतं, नोकरी गेली असती. सगळं खरं होतं. पण मनगट मी मोडलं, हेही खरंच होतं.

पंखे काही बसले नाहीत. चार-पाच महिन्यांनी भर दुपारी पुन्हा वाफ सुटली. कामगार खोकत दाराकडे धावले. मॅनेजर मला म्हणाला, "दरवाजा मत खोलना. बाहर आए तो फिर बैठ जाएँगे." त्या धरण्यानंतर पाळी सुरू असताना रंगखात्याला बाहेरून कुलूप असायचं आणि किल्ली माझ्याकडे होती. "नहीं साहब," म्हणालो आणि कुलूप काढलं. माणसं बाहेर येऊन जमिनीवर आडवी पडली. एकही दगावला नाही. तासाभरात माझी नोकरी गेली. वर्दीचा शर्ट टेबलावर ठेवून बनियनवरच घरी आलो. इतकं हलकं मला सुरतेत कधी वाटलं नव्हतं.

मग कापड विणायचा लूम चालवायला शिकलो. आखाजीच्या सणाला गावी जाऊन आण्णांना सगळं सांगितलं. तिसऱ्या दिवशी ते ओट्यावर बसून हळूच म्हणाले, "हुकूम व्हता म्हनीसन मीबी फौजम्हा काय काय करं. हात कोना व्हता, असं कधी इचारंच नही."

भिलादादाचं मनगट अजून पुरतं वळत नाही. एक कुलूप उघडल्यानं ते बरं होणार नव्हतं, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. तरी त्याच्या मुलीच्या लग्नात मंडपाची सगळी जबाबदारी त्यानं माझ्यावर टाकली. गाव कुठलं विचारलं तर मी दोंडाईचाच सांगतो. घर मात्र गोडादऱ्यात आहे. इथल्या माणसांना माझं वाईटातलं वाईट माहीत आहे, आणि ती मला "ये, बस" म्हणतात.