खुनी कोण, ते अर्ध्यावर लिहायचं

रहस्यकथा वाचण्याचा आमच्याकडे एक नियम आहे. पुस्तकाला खाकी कव्हर घालायचं, अर्ध्यावर थांबायचं, कव्हरच्या आतल्या घडीवर पेन्सिलने खुनी कोण ते लिहायचं आणि मगच पुढे जायचं. एकदा लिहिलं की खोडायचं नाही. नियम ताईचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा. ती आनंद नगरात राहते, मी पिपलानीत. लग्नं झाल्यापासून पुस्तकं या दोन घरांत ये-जा करतात आणि रविवारी तिच्याकडे चहाबरोबर निकाल लागतो. ताई बहुतेक वेळा बरोबर असते. मी दर वेळी डॉक्टरवर संशय घेते आणि डॉक्टर दर वेळी निर्दोष सुटतो.

गेल्या वर्षापासून ताईला विसर पडू लागला. आधी गॅस, मग किल्ल्या, मग नातवाचं नाव. तिच्या आजाराचं नाव खऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, तर घरी येईपर्यंत ती तेही विसरली. "बरं झालं, फार जड होतं," मी म्हटलं. त्यावर आम्ही दोघी हसलो होतो.

तरी वाचन चालू राहिलं. यंदाच्या पुस्तकांबद्दल खरं सांगायचं तर आनंदच आहे. एका कादंबरीत गुप्तहेर सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून पंधरा पानं बोलतो. तेवढ्या वेळात खुनी मागच्या दाराने नागपूर गाठेल, पण तोही बिचारा सभ्यपणे ऐकत बसतो. दुसरी कादंबरी अद्भुत, चार खंडांची, सुरुवातीला घडीचा नकाशा. नकाशा देणाऱ्या लेखकावर माझा विश्वास नाही. वाक्यांतून डोंगर दिसत नसेल तर कागदावर काढून काय उपयोग? मलपृष्ठावर सहा मान्यवरांनी तिला युगप्रवर्तक म्हटलंय. त्यांतल्या एकाने तरी दुसरा खंड उघडला असेल, असं मला वाटत नाही. ताईला मात्र ती आवडली. म्हणाली, "यात कोण कोणाचं हे कुणालाच आठवत नाही गं. बरं वाटतं."

मग आली डोंगरावरच्या बंगल्यातल्या खुनाची गोष्ट. ताईचं वाचून झाल्यावर मी पुस्तक घरी आणलं, घडी उघडली. तिने लिहिलं होतं, पोस्टमन. पुस्तकात पोस्टमन नव्हताच.

मी ते खोडलं. शेवट वाचला आणि तिच्या अक्षरासारखं अक्षर काढून तिथे लिहिलं, वकील. रविवारी घडी तिच्यापुढे धरली. "ताई, पुन्हा तूच जिंकलीस." ती इतकी खूश झाली की पुढच्या पुस्तकातही मी तेच केलं. त्याच्या पुढच्यातही.

परवाच्या रविवारी ती ओसरीत बसली होती, मांडीवर तिसरं पुस्तक. घडीवरून बोट फिरवत म्हणाली, "हे मी लिहिलेलं नाही."

"असं कसं?"

"खाली खोडलंय, बघा. आणि अक्षरं पुसट झालीत. डावखुऱ्याचा हात लिहिलेल्यावरून पुढे सरकतो ना, त्याने फासलंय."

बघा, म्हणाली. मला. जन्मात पहिल्यांदा.

आतून तिची सून ओरडली, "मम्मी आज एकदम फॉर्मात आहेत हं!"

मी डावा हात पदराखाली घेतला. "मग कुणी केलं असेल?"

"आधी फायदा कुणाचा ते बघायचं," ताई मला समजावू लागली. नव्या शेजारणीशी बोलावं तसा तिचा आवाज मऊ होता. "इथे फायदा माझाच, जिंकते मी. म्हणजे चोराला माझी माया आहे. घरात येतो, पेन्सिल कुठे असते ते त्याला ठाऊक आहे." ती थांबली. चेहरा उजळला. "माझी धाकटी बहीण! डावखुरी आहे ती. आई तिच्या हातावर पट्टी मारून थकली, पण पोरीने हात बदलला नाही. तिचंच काम."

मी पदर आणखी पुढे ओढून घेतला.

"दर रविवारी येते. आज कुठे अडकली कोण जाणे."

"येईल," मी म्हटलं.

"आली की तिला सांगू नका हं, मी पकडलं म्हणून. तिला वाटतं मला कळलं नाही. वाटू दे."

सुनेने चहा आणून ठेवला. ताईने आपली साय काढून माझ्या कपात टाकली नाही. लहानपणापासून टाकायची. मग मीच आणलेलं नवं पुस्तक माझ्याकडे सरकवून तिने विचारलं, "तुम्ही वाचता का असलं?"

"हे अर्धं झालंय माझं."

"मग लिहा ना. खुनी कोण ते इथे लिहायचं असतं. खोडायचं नाही पण." तिने पेन्सिल पुढे केली.

मी पदराखालचा हात काढला. तिच्या डोळ्यांसमोर, डाव्या हाताने, जमेल तितकं सावकाश लिहिलं, डॉक्टर. लिहून झाल्यावरही हात तिथेच ठेवला. करंगळीची कड काळी झाली होती. ती माझ्या हाताकडे नीट बघत होती.

"डॉक्टर कधीच नसतो हो," ताई हसून म्हणाली. "पण माझी बहीणही दर वेळी हेच लिहिते."

आणि ती फाटकाकडे बघत बसली.