मशीनवरचा ब्लाऊज

ताई मंगळवारी गेली. सकाळी ती भाजी आणायला उतरली, परत येताना हिंदूराव हॉस्पिटलच्या बसस्टॉपवर बसली आणि उठली नाही. पिशवीत कोथिंबीर, आलं आणि दोऱ्याचं रीळ होतं. तिची मुलगी, माझी भाची, बारावीच्या क्लासला गेली होती. मी लायब्ररीत होते. घरी मशीनवर झाकण होतं.

एवढंच घडलं. ते इथे जसंच्या तसं लिहिते आहे, कारण मध्ये एकदा मी ते वेगळं लिहिलं होतं.

ताई पहाडगंजातल्या मराठी शाळेत शिवणकाम शिकवायची. आमचे वडील कोपर्निकस मार्गावर सरकारी अतिथिगृहात नोकरीला होते, त्यामुळे आम्ही दोघी दिल्लीतच वाढलो आणि इथेच राहिलो. तिचा नवरा फार पूर्वीच वेगळा झाला. माझं लग्न झालं नाही. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. मलकागंजच्या दोन खोल्यांत आम्ही तिघी राहत होतो: ताई, तिची मुलगी आणि मी.

ताईचे दोन नियम होते. पहिला, कुठलाही कपडा आधी उलटा करून बघायचा. करोल बागेत दुकानदाराने कुर्ता पुढे केला की ती तो सुलट बघायचीच नाही. एकदा एक जण वैतागून म्हणाला, "मैडम, पहनना तो सीधा ही है।" ताई म्हणाली, "भैया, धुलता तो उल्टा है।" आणि शिवण नखाने ओढून बघत राहिली. दुसरा नियम, मशीनवर अर्धं काम ठेवायचं नाही. जेवढं घेतलं तेवढं संपवायचं, सुई मोकळी करायची आणि मगच झाकण घालून उठायचं. शाळेतल्या मुली तिला यावरून चिडवायच्या. भूकंप झाला तरी बाई आधी झाकण घालतील, असं म्हणायच्या.

ती गेल्यावर तिच्या फंडाचे पैसे भाचीच्या नावावर आले. भाचीला कपड्यांचंच काही शिकायचं होतं. ते लहानपणापासून ठरल्यासारखं होतं. प्रश्न कुठे शिकायचं हा होता. तिच्या क्लासमधल्या सगळ्या मुली नोएडाच्या एका खाजगी फॅशन आणि डिझाइनच्या संस्थेचं नाव घ्यायच्या. तिथली चार वर्षांची फी भरली असती तर आईने मागे ठेवलेलं सगळं त्यात गेलं असतं. आणि ते संपल्यावर भाचीच्या मागे फक्त मी उरले असते. ही एक गोष्ट आम्हाला ठरवायची होती.

त्या संस्थेला चित्रांबरोबर एक निबंधही लागायचा: मला डिझायनर का व्हायचं आहे. भाचीने तो चार ओळींत लिहिला होता. 'माझी आई शिवण शिकवायची. ती नोव्हेंबरमध्ये गेली. मला कपडे आतून कसे असतात ते बघायला आवडतं. मला ते नीट करायला शिकायचं आहे.' कमलानगरला ज्या क्लासमध्ये ती तयारीला जायची, तिथल्या सरांनी तो परत पाठवला.

"सर म्हणाले इमोशन नाही," भाची म्हणाली. "मावशी, तू बघ ना जरा. तुझं इंग्लिश अच्छा आहे."

मी बघितलं. एका दुपारी, लायब्ररीत, वाचकांना पुस्तकं देता देता मी तिच्या चार ओळींची दोन पानं केली. त्यात आईचे हात आले, दिल्लीचा हिवाळा आला. शेवटी लिहिलं, आई गेली तेव्हा मशीनवर एक अर्धा ब्लाऊज होता, सुई अजून कापडात होती, आणि तो ब्लाऊज पूर्ण करायला मी निघाले आहे. हे वाक्य सुचलं तेव्हा मला आनंद झाला. बहीण जाऊन पाच महिने झाले होते आणि मी तिच्यावर एक बरं वाक्य जमलं म्हणून खूश होऊन चहा प्यायला गेले. ही गोष्ट मी अजून कोणाला सांगितलेली नाही.

भाचीने निबंध दोनदा वाचला. आत गेली. मला वाटलं, आवडला.

मे महिन्यात संस्थेने आम्हाला बोलावलं. इमारत एक्स्प्रेसवेच्या कडेला होती, सगळी काचेची. आत इतका एसी होता की मी पदर खांद्यावरून घेतला. स्वागताच्या जागी पितळी पायांची एक जुनी शिलाई मशीन काचेत ठेवली होती. तिला पट्टा नव्हता. समुपदेशक बाईंनी भाचीला 'बेटा' म्हटलं, मला 'मॅम' म्हटलं, आणि आम्ही नीट बसायच्या आधीच टिश्यूचा डबा आमच्याकडे सरकवला. आमच्यापैकी कोणीही रडत नव्हतं.

"मॅम, मैंने तीन बार पढ़ा," त्या म्हणाल्या. "वो ब्लाउज़ वाली लाइन. गूजबम्प्स!" त्यांनी बाही वर करून हात दाखवला. हातावर काही नव्हतं.

मग त्यांनी सांगितलं की डायरेक्टर सरांनी भाचीच्या फीमध्ये सूट द्यायचं ठरवलं आहे. चित्रांबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. चित्रांची फाइल उघडलेलीही दिसली नाही. त्या सवलतीच्या बदल्यात वेबसाइटसाठी एक छोटी फिल्म करायची होती, भाची आणि तिच्या आईची गोष्ट. "और वो ब्लाउज़ ले आइएगा," बाई म्हणाल्या. "घर में जैसा रखा है, वैसा ही. इस्त्री मत कीजिए, प्लीज़."

मी हो म्हणाले. भाचीने माझ्याकडे बघितलं.

खाली शेवटच्या वर्षाच्या मुलांच्या कामाचं प्रदर्शन होतं. एका कोटाला पहिलं बक्षीस मिळालं होतं. शेजारी पाटी होती, त्यावर स्मृती, स्थलांतर वगैरे शब्द होते. भाचीने इकडेतिकडे बघितलं आणि कोटाची पुढची बाजू उलटली. आईची सवय. शिवणकाम उत्तम होतं. विशीतल्या हाताला इतकी सरळ शिवण येत नाही. अस्तराच्या आत, बगलेजवळ, एक कागदाची चिठ्ठी स्टेपल केलेली होती, कुठलाही शिंपी टाचतो तशी. बिलाचा नंबर, 'शनिवार', आणि खाली दोन रेघा मारून 'अर्जंट'.

कोट जिचा होता ती मुलगी तिथेच उभी होती. ती मुळीच गडबडली नाही. "अरे, ये रह गया," म्हणून तिने चिठ्ठी ओढून काढली. "आंटी, सबका बाहर से ही सिलता है. पीछे वाली गली में मास्टरजी हैं. कॉन्सेप्ट हमारा होता है."

"काज करता येतं तुला?" भाचीने तिला हिंदीत विचारलं.

"क्यों करूँ यार?" ती हसली. वाईट मुलगी नव्हती. तिने खरंच विचारलं होतं.

मला किळस आली. चार वर्षं, एवढी फी, आणि मागच्या गल्लीत कोणी तरी माणूस ट्यूबलाइटखाली बसून यांची स्मृती आणि स्थलांतर शनिवारपर्यंत शिवून देतो, आणि पाटीवर त्याचं नाव नाही. मी हे सगळं मेट्रोत भाचीला ऐकवणार होते, मनात वाक्यं जुळवत होते. मग लक्षात आलं की निबंधावरही माझं नाव नाही. कॉन्सेप्ट तिचा होता. शिवून मी दिला होता. जुळवलेली वाक्यं मी सोडून दिली.

यमुना ओलांडताना भाचीने विचारलं, "मावशी, तो ब्लाऊज तू कुठे ठेवला आहेस?"

मी तिच्याकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

"मी आजपर्यंत विचारलं नाही," ती म्हणाली. "त्या दिवशी घरी आधी तू पोचली होतीस, तूच उचलून ठेवला असशील. मला वाटलं, तू देशील तेव्हा देशील. माझा होता का तो? माझ्या मापाचा?"

नाही म्हणायला एवढा एकच क्षण होता. मी म्हटलं, "आहे. ट्रंकेत आहे."

त्या शनिवारी ती दुपारी क्लासला गेली तेव्हा मी ताईचं कपाट उघडलं. हळदीकुंकवाला मिळालेले ब्लाऊजपीस दिल्लीतल्या आमच्या बायका या घरातून त्या घरात फिरवत राहतात, शिवत कोणी नाही. ताई चांगलं सुती कापड तेवढं काढून ठेवायची. त्यातला एक मरून तुकडा मी घेतला, कारण ड्रॉवरमध्ये त्याच रंगाचं एक रीळ होतं. भाचीच्या मापाचे कागदी साचे ताईच्या अक्षरात नाव घातलेले होतेच. ते ठेवून कापड बेतलं. पाच तुकडे झाले. झाकण काढलं, दोरा ओवला, एक खांदा जोडला, बगलेची शिवण अर्ध्यावर आणली आणि सुई कापडात असताना थांबले. निबंधात लिहिलं होतं अगदी तसं. मग जुना दिसावा म्हणून कापड जरा चुरगाळलं. मी नीटनेटकं काम केलं. नंतर भाची यायच्या आधी मी तसाच तो काढून ट्रंकेत वर ठेवला आणि वरणाला फोडणी दिली.

ती आली, हात धुतले, ट्रंक उघडली. ब्लाऊज मांडीवर घेतला आणि क्षणभर तोंडाजवळ नेला. मग उलटा केला.

बराच वेळ ती शिवण बघत होती.

"हे आईचं नाही."

"अगं, घाईत..."

"मावशी, हा दोरा." तिचा आवाज चढला नव्हता. "हे रीळ आईने त्या दिवशी आणलेलं आहे. भाजीवाल्याने पिशवी आणून दिली, त्यात होतं. मीच ड्रॉवरमध्ये ठेवलं. त्याचा कागद पण मी काढला नव्हता. आज कोणी काढला?"

मी ब्लाऊज घ्यायला हात पुढे केला; तिने तो सोडला नाही.

"म्हणजे मशीनवर काय होतं?"

"झाकण होतं."

"बस?"

"बस."

"मग तू का लिहिलंस?"

"सर म्हणाले होते ना, इमोशन..."

"सर काहीही म्हणतील यार! सर आईला ओळखत होते का?" ती उठून उभी राहिली. "तुला माहिती आहे मी इतके दिवस काय विचार करत होते? आईने झाकण का नाही घातलं. ती कधीच असं उठायची नाही. मला वाटलं, तिला बरं वाटत नसणार सकाळपासून. मला वाटलं, मी क्लासला जाताना तिने काही सांगितलं असेल आणि मी इअरफोन लावले होते. रोज हाच विचार. आणि तू इथे लाइनी शिवत होतीस!"

तिने तिथेच उभं राहून समुपदेशक बाईंना फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकर सुरू केला.

"मैम, वो ब्लाउज़ नहीं है. था ही नहीं. वो झूठ लिखा था."

आता फीमधली सूट जाईल, खडसावतील, मी हीच अपेक्षा केली. बाईंचा आवाज आधीपेक्षा गोड झाला.

"कोई बात नहीं बेटा. इतना सीरियस मत लो. हम रीक्रिएट कर लेंगे. हमारे मास्टरजी हैं ना."

भाचीने फोन ठेवला. माझ्याकडे बघितलं, हातातल्या ब्लाऊजकडे बघितलं आणि मोठ्याने हसली. ते हसू मला अजून सहन होत नाही. त्यात आम्ही दोघी होतो, त्या बाई आणि मी, एकाच रांगेत.

ती संस्था आमच्यापुरती तिथे संपली. मला अजूनही लोक विचारतात. मंडळाच्या गणपतीत एक बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अहो, तुम्ही आत जाऊन बघितलीत ना? आमच्या नातीला घालायची का? तिथं ओळखी होतात म्हणे." मी म्हटलं, ओळखी होत असतील. कपड्याची आतली बाजू दाखवा म्हणा, आणि कोणी शिवलं ते विचारा. बाईंना ते उत्तर वाटलं नाही. त्यांना आकडा हवा होता, किंवा हो-नाही. त्यानंतर मी विचारणाऱ्याला सरळ नाही म्हणते. पण ते म्हणताना माझ्या तोंडाला चव नसते, कारण तिथे जे विकत होते ते मी घरी फुकट बनवलं होतं.

भाचीने सरकारी पॉलिटेक्निकमध्ये प्रवेश घेतला. तिथेही निबंध मागितला होता. तिने त्याच चार ओळी लिहून दिल्या, मला दाखवल्या नाहीत. पहिल्या सत्रात नुसती काजं करायला लावली. बोटाला सुई टोचून घेऊन घरी येते आणि शिक्षिकेला शिव्या देते. तिथले पंखे बंद असतात, अर्ध्या मशीन नादुरुस्त आहेत, त्यामुळे जागा फार भारी आहे असं मी म्हणणार नाही. ताईचे पैसे बँकेत आहेत.

माझ्याशी ती बोलते. जेवायला काय आहे, उशीर होईल, गॅस बुक कर. लिहिलेलं काही तपासायला देत नाही.

तो ब्लाऊज तिने एका रविवारी बसून उसवला. आता कपाटात मरून कापडाचे पाच सुटे तुकडे आहेत. कडेला सुईची भोकं दिसतात. रिळावर दोरा थोडा कमी आहे. मशीनवर झाकण आहे.