अक्काच्या सायकलीला तडा

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होते. तलवाड्याहून शेजारच्या कमलबाई बोलत होत्या. "सुमनताई, अक्का उठंनात हो…" एवढंच म्हणाल्या. आम्ही बीडहून पोचेपर्यंत घरासमोर अर्धं गाव जमलं होतं. वस्त्यांवरून बाया आल्या होत्या, कुणी ट्रॅक्टरमधून, कुणी मोटारसायकलवर. एक जण माझ्या गळ्यात पडून सांगू लागली, "माझी सगळी लेकरं अक्काच्या हातची." दुसरी म्हणाली, "आमची मायच गेली." मी तिथं सख्खी बहीण म्हणून उभी होते आणि मला जागा कुठं, हेच कळत नव्हतं. खरं सांगायचं तर त्या घटकेला मला आधी दुःख झालं नाही. हेवा वाटला. महिना होऊन गेला, अजूनही तो पुरता गेलेला नाही.

अक्का म्हणजे शकुंतला, माझी थोरली बहीण. जन्मभर गावोगाव फिरलेली सरकारी नर्स. तिनं लग्न केलं नाही. तलवाड्यात आमच्या अप्पांचं किराणा दुकान होतं. अक्का हायस्कूलात गेली तेव्हा अप्पांनी एक काळी सायकल आणली. गड्यांची, जड, मधे आडव्या दांडीची. घरात पोरी दोन, सायकल एक. "तू मागं बस," अप्पा मला म्हणाले आणि मी बसले. शाळेची सगळी वर्षं मी अक्काच्या पाठीकडं बघत काढली. समोरचा रस्ता मला दिसलाच नाही. दिसली ती तिच्या वेणीची रिबीन आणि घामानं ओला झालेला पोलका. दुकानांच्या ओट्यांवरून माणसं ओरडायची, "शकू, पळीव, पळीव!" मागच्या पोरीला कुणी हाक मारत नसे.

पुढं नोकरी लागल्यावरही तिनं तीच सायकल ठेवली. पातळाचा काष्टा घालायची, औषधांची पिशवी हँडलला अडकवायची आणि काळ्या रानातल्या वाटेनं निघायची. पावसाळ्यात चाकं रुतली की सायकलच खांद्यावर घ्यायची. बाई माणूस गड्यांच्या सायकलवर, म्हणून सुरुवातीला हसलेले लोकच नंतर तिच्या घंटीची वाट बघू लागले. माझं लग्न बीडच्या कापडदुकानदाराशी झालं. घर चांगलं मिळालं. पण पाहुण्यांत माझी ओळख एकच, 'अक्काची बहीण.'

उन्हाळ्यात ती एसटीच्या टपावर सायकल टाकून आमच्याकडं यायची. माझ्या पल्लवीला सायकल तिनंच शिकवली. एकदा सकाळी पल्लवीला पुढच्या दांडीवर बसवून ती थेट कपिलधारच्या देवळापर्यंत गेली. मी धपाटे करून वाट बघत बसले. दोघी उन्हानं लाल होऊन परतल्या त्या हसतच. "काय झालं?" मी विचारलं. "काही नाही, आमचं आमचं," पल्लवी म्हणाली. माझी लेक, माझ्याच दारात मला असं म्हणाली. ते धपाटे त्या दिवशी मला गोड लागले नाहीत.

शेवटची भेट यंदाचीच. मी तलवाड्याला गेले तर अक्कानं अंगणात सायकल उलटी करून ठेवली होती. चालवताना कुरकुर वाजते म्हणून तिनं बघितलं, तर सीटखालची नळी पॅडलपाशी जिथं जुळते तिथं तडा गेलेला. "बोट लाव," ती म्हणाली. गंजाची केसाएवढी रेघ बोटाला लागली. "सुमे, डाग मारून तडा सांधून घ्यावा का आता सायकल ठिवून द्यावी? तू सांग." अक्कानं मला कशाबद्दल विचारावं, हेच नवीन होतं. मी विचार करत होते तेवढ्यात पुण्याहून पल्लवीचा व्हिडिओ कॉल आला. अक्कानं फोन तड्याकडं वळवला आणि दोघींचं सुरू झालं. "मावशी, नीट करून घे! मला पाहिजे ती!" पल्लवी ओरडत होती. माझं उत्तर राहूनच गेलं.

फोन ठेवल्यावर अक्कानं विचारलं, "कावून गं गप झालीस?"

या वयात लाज वाटली, तरी बोलून गेले. "तुझा हेवा वाटतो मला. लहान होते तेव्हापासनं."

ती हसली नाही. चाक हातानं फिरवत राहिली. मग म्हणाली, "मला बी तुझा वाटायचा. वारं समोरून आलं की माझा जीव जायचा अन् तू पाठीआड बसून गाणी म्हणायचीस… लई वाटायचं, कुणीतरी चालवावं अन् आपण मागं बसावं."

ऐकून मी विरघळायला हवी होते. मी जास्तच चिडले. माझ्या वाट्याला सबंध असं एवढंच आलं होतं, तो हेवा. त्यातही तिनं वाटा मागितला.

दिवसकार्य झाल्यावर पल्लवीनं सायकलीचा धोशा लावला. म्हणून मी ती तलवाड्यातल्याच वेल्डिंगवाल्या गफूरभाईंकडं नेली. त्यांनी तिथला रंग खरवडला. तडा नळीला अर्ध्याहून जास्त वळसा घालून गेला होता. "पितळी डाग बसंल," ते म्हणाले, "पण नळी आतून गंजून पातळ झालीय. डागाच्या बाजूनं परत फाटंल. चालतीवर तुटली तर माणूस तोंडावर पडंल. अक्कांना बी हेच सांगितलं होतं."

"अक्का आली होती?"

"आल्या होत्या की. मी म्हणलं, तुमची सायकल हाय, तुमी सांगा. तर म्हणल्या, एकटीची न्हाई, दोघींची हाय. बहिणीला इचारलंय, तिचं उत्तर यायचंय. ती म्हणंल तसं करू."

मी तिथल्या स्टुलावर बसले. दोघींची! हे तिनं गफूरभाईंना सांगितलं… मला सांगायला तिला अख्खा जन्म पुरला नाही?

पल्लवीला फोन केला. ती म्हणाली, "डाग मारून घे आई. मी हळू चालवीन."

"पुण्याच्या रस्त्यावर मोडली म्हणजे?"

"तुला ती मला द्यायचीच नाहीये."

तिचं खरं होतं. ती पडेल ही भीतीही तितकीच खरी होती. दोन्हींत जास्त काय होतं, ते मला सांगता येणार नाही. मी गफूरभाईंना म्हणाले, "डाग नको. आता ही चालवायची नाही." त्यांनी मान हलवली, फडकं घेऊन खरवडलेल्या जागेवर तेल चोळलं आणि सायकल माझ्या हातात दिली.

ती आता आमच्या बीडच्या घरात पुढच्या खोलीत, भिंतीला टेकून उभी आहे. मागच्या रविवारी पल्लवी आली. चप्पल काढायच्या आधी सायकलीपाशी गेली, सीटवर हात ठेवला.

"मावशीची सायकल इथं बरी दिसते," ती म्हणाली.

"आमची," मी म्हणाले.

तिनं वळून माझ्याकडं पाहिलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे आलं होतं, ते मी लगेच ओळखलं. माझी त्याची फार जुनी ओळख आहे.