घरात कोणी नाही म्हणणाऱ्या पाच डब्या

लातूरच्या त्या बंगल्यात स्वयंपाक आणि झाडलोट करणाऱ्या मावशी नसत्या, तर मी आज लातुरात नसतो. हे आधी लिहून टाकतो, कारण पुढं शिकलेली माणसं लई येतात, आणि त्यांच्या गर्दीत मावशी पुन्हा मागं राहतील.

मी आठवीत शाळा सोडली. इस्लापूरहून आधी धर्माबादला एका फ्रिज दुरुस्तीच्या दुकानात राहिलो, तिथून लातूरला एसी बसवणाऱ्या दुकानात आलो. मालकानं "तीन महिने बघतो, मग सांगतो" म्हणून ठेवून घेतलं होतं. गावाकडं मी सांगितलं होतं की नोकरी पक्की झाली. आईनं ते गल्लीभर केलं होतं. त्यामुळं मालकाच्या मोबाईलची रिंग वाजली तरी मी हातातलं काम थांबवून कान द्यायचो.

बंगला एका डॉक्टरांचा. छतातून सगळ्या खोल्यांना गार हवा देणारा एकच मोठा एसी होता. त्याला कधी चालू हो आणि कधी गप बस हे सांगणारी एक काचेची चकती हॉलच्या भिंतीवर बसवायची होती. तिला स्मार्ट थर्मोस्टॅट म्हणायचं. आणि पाच खोल्यांत पाच सेन्सर, काड्यापेटीएवढ्या पांढऱ्या डब्या, वायर नसलेल्या. डबी खोलीतली गरमी मोजते आणि खोलीत माणूस आहे का ते चकतीला कळवते. माणूस असला तर गार हवा, नसला तर बंद. उठून बटण दाबायला दोन पावलं टाकावी लागतात म्हणून हे सगळं. मी ज्या घरात वाढलो तिथं खोलीत कोण आहे हे खोकल्यावरून कळायचं.

माहितीचं पुस्तक चौदा भाषांत होतं, त्यात आपली नव्हती. मी चित्रं बघून काम केलं. सेलच्या बुडाची प्लॅस्टिकची पट्टी ओढायची, डबी चकतीजवळ धरायची, डॉक्टरांच्या मोबाईलनं मागचं चौकोनी चित्र टिपायचं, मोबाईलवर हिरवी खूण आली की खोलीचं नाव टाकायचं. मग डबी आतल्या भिंतीवर छातीच्या उंचीला चिटकवायची, ऊन आणि गार हवा येते ती छतातली जाळी, दोन्हींपासून लांब. डॉक्टरांनी एका खोलीला 'स्टडी' नाव दिलं. तिथं एक सोफा, एक टीव्ही आणि व्यायामाची सायकल होती. सायकलवर कपडे वाळत होते. मॅडमचं, म्हणजे डॉक्टरांच्या बायकोचं, म्हणणं असं की डब्या भिंतीला शोभत नाहीत, पडद्यामागं लपवा. पडद्यामागून डबीला खोलीतली गरमी काय कळणार, हे पटवायला माझी अर्धी सकाळ गेली.

मावशी फरशी पुसत पुसत आल्या. रेणापूरकडच्या, पन्नाशीच्या.

"काय चिटकवायलास रे बाबा?"

"खोलीत माणूस हाय का न्हाई ते सांगणारी डबी लावून राहिलो मावशी."

"असं का. मग मी आल्यावर काय सांगतंय? माणूस म्हणतंय का मोलकरीण?"

तेवढ्यात डबीत हिरवा ठिपका चमकला. त्या माघारी सरकल्या, पुन्हा पुढं आल्या. पुन्हा चमकला.

"मिचकलं बघ. मला बी माणूस म्हणालं. ह्या घरात हे शहाणं दिसतंय."

आम्ही दोघं हसलो. मॅडम आतून काय हसायलात म्हणाल्या, तसं आपापल्या कामाला लागलो.

दसरा झाला आणि तिसऱ्या दिवशी दुकानात फोन आला. त्या आठवड्यात ऊन असं होतं की शिडी हातात धरवत नव्हती. मी गेलो तर डॉक्टर हॉलमध्ये बनियनवर बसलेले, कपाळावरून घाम, आणि एसी गप. त्यांनी मोबाईल माझ्या नाकासमोर धरला.

"वाच काय लिहिलंय."

मला इंग्रजी वाचता येत नव्हतं. मी मान हलवली.

"लिहिलंय की घरात कोणी नाही. म्हणून एसी बंद ठेवलाय. मग मी कोण आहे? भूत?"

खरं तर उठून चकती फिरवली की एसी हातानं चालू होत होता. मी फिरवून दाखवलं. ते म्हणाले, हातानंच फिरवायची असती तर एवढं सगळं कशाला घेतलं असतं. बरोबर होतं. वीस माणसांच्या नाडीला रोज हात लावणारा माणूस एका चकतीला हात लावायला तयार नव्हता. घाम गाळणं मात्र चालत होतं.

मी पाचही डब्यांचे सेल बदलले. एक तास बरं वाटलं, कारण नवे सेल टाकल्यावर पहिला तासभर ते यंत्र सगळ्यांना घरात आहे असंच धरून चालतं. मी दुकानात पोचतो न पोचतो तोच पुन्हा फोन.

दुसऱ्या खेपेला कंपनीचा इंजिनिअर व्हिडिओ कॉलवर आला. त्याच्या मागं पांढरी भिंत आणि एक कुंडी, आणि बोलण्यात दर वाक्याला "ॲक्च्युअली". त्यानं पाचही डब्या मोबाईलमधून काढायला लावल्या, पुन्हा जोडायला लावल्या, मग पुन्हा काढायला लावल्या. दुपार गेली. शेवटी म्हणाला, कॅमेरा डबीसमोर धर.

"ते लाल काय दिसतंय? लाइट आहे का?"

"न्हाई साहेब, पुजेचं हाय."

"बरं. पुढं दाखव."

पुढं दाखवलं. त्यानं निकाल दिला की ॲक्च्युअली तुमच्याकडचं नेटवर्कच तसलं आहे. हे म्हणताना त्याचा आवाज असा, जणू आमच्याकडं माणसं दिव्याच्या उजेडात एकमेकांना चाचपून ओळखतात.

त्याला हसायचा हक्क मला नाही, हेही लिहायला पाहिजे. लाल मलाही दिसलं होतं. पण खंडेनवमीला माझ्या ड्रिल मशीनला, पान्ह्यांना, दुकानाच्या शटरला, मालकाच्या टेम्पोला, सगळ्याला कुंकू लागलेलं होतं. दसऱ्यानंतर महिनाभर आपल्याकडं कुंकू नसलेलं यंत्र दिसलं तरच माणूस थांबून बघेल. आणि डबीला माणूस कशानं कळतो हे मला कुठं मालूम होतं. मला वाटायचं, माणसाच्या खिशातल्या मोबाईलवरून कळत असेल.

मालकानं त्या संध्याकाळी शांतपणे सांगितलं, "उद्या जाऊन ये. परवा अजून एक फोन आला तर पिशवी भर." ओरडले असते तर बरं वाटलं असतं. आईचा फोन आला तो मी उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्यांदा गेलो तेव्हा डॉक्टर दवाखान्यात होते, मॅडम वर. मी स्टडी नावाच्या त्या खोलीत डबीसमोर नुसता उभा होतो. काय करायचं ते संपलेलं होतं. मावशी झाडू घेऊन आल्या, डबीपुढून गेल्या, थांबल्या.

"हे आता मिचकत न्हाई रे."

"कवापासून मावशी?"

"खंडेनवमीपासून. बाईंनी समद्या मशिनींची पूजा केली. मिक्सर, गाड्या, डॉक्टरसायबाचं ते छातीला लावायचं, अन् ह्या डब्या. बरोब्बर मधल्या खळग्यात बोट दाबून टिळा, वर अक्षता. तवापासून मी पुढं नाचले तरी ओळख देत न्हाई. मला वाटलं रुसलं."

मी डबीकडं बघितलं. मध्ये तो बारका गोल खळगा, कपाळासारखा, कुणालाही टिळा तिथंच लावावा वाटेल असा. ओल्या हळदीवर कुंकू, त्यावर तांदळाचे दोन दाणे, सगळं वाळून घट्ट. हिरवा ठिपका त्याच्याच मागून चमकायचा. म्हणजे तोच तिचा डोळा. पाचही खोल्यांत असंच, आणि हॉलमधल्या चकतीच्या तसल्याच खळग्यालाही. सहा डोळे बांधलेले. यंत्र खरं तेच बोलत होतं, त्याला कोणी दिसत नव्हतं.

मी बोट उचललं आणि ते तिथंच राहिलं. कुंकू पुसायचं, तेही दुसऱ्याच्या घरातलं, दसऱ्याचं. मॅडमनं बघितलं तर तोच फोन जाणार होता ज्याच्यानंतर पिशवी भरायची होती. आणि खरं सांगायचं तर नुसती नोकरीची भीती नव्हती. हात आपसूक मागं येत होता.

"हात मागं घ्यायलास कशाला? सरक."

"मावशी, कुंकू हाय ते."

"माझं कवाच पुसलंय. बारा वर्षं झाली. आता मला कशाचं भ्या हाय."

त्यांनी पदराचं टोक ओलं केलं आणि एकाच हातानं, भांड्याचं खरकटं काढावं तसं, पुसून टाकलं. डबी मिचकली. "आली बघ शुद्धीवर," म्हणाल्या. मग दुसऱ्या खोलीत, मग तिसऱ्या. तिसरीत मॅडम दारात उभ्या होत्या.

"हे कुणी सांगितलं तुला? सवाष्णीच्या घरातलं कुंकू पुसतेस? तू?"

त्या शेवटच्या 'तू'मध्ये काय होतं ते मला कळलं, मावशींनाही कळलं. मावशींनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि डोळ्यानंच गप म्हणाल्या.

"धूळ पुसताना पुसलं बाई. ध्यान राहिलं न्हाई."

मॅडम बराच वेळ बोलल्या. मी तोवर स्क्रू-ड्रायव्हरनं बटणांच्या पाटीचा एक स्क्रू आवळत होतो. तो आधीच घट्ट होता.

मग मॅडम कुंकवाची कोयरी घेऊन आल्या, पुन्हा त्याच खळग्यात लावायला. तेव्हा माझं तोंड उघडलं, पण बघा काय बोललं. "मॅडम, कंपनीचा नियम आहे, टिळा कडेला लावायचा. समोर लावला तर गॅरंटी जाते." त्यांनी काही न विचारता बोट कडेला टेकवलं. उरलेल्या दोन डब्यांवरचं आणि चकतीवरचं कुंकू स्वतःच ओल्या कापडानं काढून कडेला लावलं. कंपनीसाठी सवाष्णीला कुंकू पुसायला चालतं, हे मी त्या दिवशी बघितलं.

घटकाभरात हवा सुरू झाली. डॉक्टर जेवायला आले, जाळीखाली उभे राहिले, म्हणाले, "नेटवर्कच होतं ना? मी म्हणतच होतो." इंजिनिअरनं कागदावर लिहून पाठवलं की दुरून केलेल्या दुरुस्तीनं अडचण सुटली. मालकानं तीन महिने पुरे व्हायच्या आधीच मला पक्कं केलं. आईला मी फोन केला. जे तिनं आधीच गल्लीभर सांगितलं होतं ते खरं झाल्याचं तिला सांगता आलं नाही, म्हणून नुसतं जेवली का विचारलं.

मावशींना मात्र त्या डब्यांना हात लावायची बंदी झाली. झाडताना त्या आता भिंतीपासून हातभर लांब राहतात. पुढं मी रेणापूरला जाऊन त्यांच्या घरचा पंखा नीट करून दिला. त्यांनी भाकरी वाढली आणि म्हणाल्या, "फिटलं बघ सगळं." मी हाव म्हणालो. फिटलं नव्हतं. पंखा मी कुणाचाही केला असता.

मी अजून त्याच दुकानात आहे आणि मालकाची रिंग वाजली की अजून हातातलं काम थांबवतो. म्हणून आजवर त्या बंगल्यात खरं बोललो नाही. पण मावशी, एक दिवस मी त्याच हॉलमध्ये उभा राहून, डॉक्टर आणि मॅडम दोघं समोर असताना, सांगणार आहे की डबीचा डोळा तुम्ही ओळखलात, कुंकू माझ्यासाठी पुसलंत, आणि तुम्ही बोलणी खात होतात तेव्हा मी घट्ट असलेला स्क्रू आवळत होतो. तुम्हाला तिथं बसायला खुर्ची द्या असं आधी म्हणीन, मग बोलायला लागेन.